विळ्याच्या आकाराची पेशी पाहणारा डॉक्टर

कामतघरमध्ये राहणाऱ्या माणसाला सुताच्या गाठीचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. ताण्यातील असंख्य धाग्यांपैकी एखाद्याची गाठ जाड राहिली की ती फणीच्या दातांत अडते. तो धागा तुटतो, शेजारच्या दोन-चार धाग्यांना आपल्याबरोबर ओढतो आणि ज्याची खडखड रात्रंदिवस कानी पडत असते तो माग अचानक थांबतो. वऱ्हाळा तलावाच्या परिसरातील या वस्तीत तेलंगणातून आलेल्या विणकरांच्या काही पिढ्या मागावर उभ्या राहिल्या. दोष धाग्यात होता की फणीत, हा वाद येथे नेहमीचाच. रक्ताच्या एका आजाराबाबत वैद्यकशास्त्रापुढेही नेमका हाच प्रश्न होता. दोष पेशीत आहे, की ती जिच्यातून वाहते त्या वाहिनीच्या भिंतीतही आहे? गंमत अशी की हा प्रश्न नीट विचारला जाण्यासच सत्तर वर्षे लागली.

हा आजार म्हणजे सिकलसेल. विदर्भात, नंदुरबारच्या सातपुड्यात त्याचे नाव घराघरांत ठाऊक आहे. ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील आदिवासी पाड्यांवरही तो आढळतो. आणि भिवंडी तालुक्याच्या वीटभट्ट्यांवर हंगामात जी कुटुंबे कामाला येतात, ती याच पाड्यांवरची असतात. सांधे धरून तळमळणारे मूल, डोळ्यांत पिवळी झाक, वारंवार येणारा ताप आणि ‘हे नाटक करते’ असा शेजाऱ्यांचा शेरा, हे चित्र अनेकांनी पाहिले असेल. या आजारातील तांबड्या पेशीला विळ्याची उपमा ज्याने पहिल्यांदा छापील वैद्यकीय लेखात दिली, त्या डॉक्टरची ओळख मात्र आपल्याकडे फारशी नाही. त्याचे नाव जेम्स ब्रायन हेरिक.

हेरिक यांचा जन्म ११ ऑगस्ट १८६१ रोजी अमेरिकेतील शिकागोजवळच्या ओक पार्क या गावी झाला. त्यांचा पहिला ओढा वैद्यकाकडे नव्हता, तो साहित्याकडे होता. मिशिगन विद्यापीठातून १८८२ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेला हा तरुण काही वर्षे शाळेत शिकवीत होता. चौदाव्या शतकातील इंग्रज कवी चॉसर हा त्यांचा आयुष्यभराचा सोबती. उतारवयातही ते त्याच्याविषयी लिहीत. शिकवता शिकवता त्यांनी वैद्यकाची वाट धरली आणि शिकागोच्या रश मेडिकल कॉलेजातून १८८८ मध्ये ते डॉक्टर झाले. पुढे कुक काउंटी रुग्णालयातील उमेदवारी, शहरातील व्यवसाय, रश कॉलेजातील अध्यापन आणि प्रेसबिटेरियन रुग्णालयातील सेवा असा त्यांचा क्रम राहिला. शिकागो त्यांनी कायमचे असे सोडले नाही.

शब्दांवर प्रेम असणारा माणूस नेमके वर्णन करतो. हेरिक यांच्या वैद्यकीय लेखनाचे हेच बळ होते. पण केवळ वर्णनावर त्यांचे समाधान नव्हते. त्या काळी अमेरिकेतील बहुतेक डॉक्टर नाडी, जीभ आणि छातीवर ठेवलेला कान यांच्या भरवशावर निदान करीत. प्रयोगशाळा ही रुग्णशय्येपासून दूरची, काहीशी संशयास्पद जागा मानली जाई. हेरिक यांना मात्र उद्याचे वैद्यक रसायनशास्त्रावाचून चालणार नाही असे वाटू लागले. म्हणून चाळिशी ओलांडल्यानंतर, व्यवसायात नाव झालेले असताना, हे प्राध्यापक शिकागो विद्यापीठात सेंद्रिय रसायनशास्त्राचे विद्यार्थी झाले आणि पुढे जर्मनीत एमिल फिशर यांच्याकडेही शिकून आले. आपल्यापेक्षा निम्म्या वयाच्या मुलांबरोबर बाकावर बसण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

याच सुमारास वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून वीस वर्षांचा एक तरुण दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी शिकागोस आला. वॉल्टर क्लेमंट नोएल हे त्याचे नाव. घरची स्थिती चांगली, शिक्षण व्यवस्थित. कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला त्या काळच्या अमेरिकेत जे सोसावे लागे ते अर्थातच त्याच्याही वाट्याला होते. प्रवासातच त्याच्या घोट्याशी एक व्रण झाला होता. शिकागोचा पहिला हिवाळा त्याला सोसला नाही. खोकला, धाप आणि ताप यांनी हैराण होऊन २६ डिसेंबर १९०४ रोजी तो प्रेसबिटेरियन रुग्णालयात दाखल झाला.

त्याला प्रथम तपासले ते अर्नेस्ट आयर्न्स या उमेदवार डॉक्टरने. आयर्न्सने रक्ताचा थेंब काचेवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तांबडी रक्तपेशी कशी दिसते हे तेव्हाही साऱ्यांना ठाऊक होते: गोल, मध्ये किंचित दबलेली. या काचेवर मात्र गोल पेशींच्या गर्दीत लांबट, वाकड्या, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी दिसत होत्या. आयर्न्सने त्यांचे चित्र काढून ठेवले आणि ही गोष्ट हेरिक यांच्या कानावर घातली.

यानंतर हेरिक यांनी जे केले ते त्यांच्या स्वभावाला शोभणारे होते. त्यांनी घाई केली नाही. काच करण्यातच काही चूक झाली असेल, रंगद्रव्याने पेशी आकसल्या असतील, या शंका त्यांनी स्वतःच काढल्या आणि पुन्हा पुन्हा काचा तयार करून, न रंगवलेले ताजे रक्तही पाहून त्या फेडल्या. आतड्यातील जंत, हिवताप, उपदंश अशी ठाऊक असलेली कारणे एकेक करून पडताळली. कोणतेच जुळेना. नोएल बरा होऊन कॉलेजात गेला, पुन्हा आजारी पडला, पुन्हा आला. सुमारे अडीच वर्षे हे चालले. १९०७ मध्ये पदवी घेऊन तो मायदेशी परतला. त्यानंतरही तीन वर्षे थांबून, १९१० साली, हेरिक यांनी तीव्र रक्तक्षयाच्या एका रुग्णातील चमत्कारिक लांबट व विळ्याच्या आकाराच्या पेशींविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला.

निबंध लहान आहे आणि त्यात निदान नाही. आपल्याला या आजाराला नाव देता येत नाही हे त्यांनी त्यात मोकळेपणी मान्य केले. मात्र कारण कदाचित पेशीच्याच घडणीतील एखाद्या अज्ञात बदलात असावे, असा एक तर्क त्यांनी नोंदवून ठेवला. रसायनशास्त्राच्या वर्गातील ती वर्षे या एका वाक्यामागे उभी असावीत असे मला वाटते. प्रथिनांची रचना कोणालाच ठाऊक नसलेल्या काळात त्याहून पुढे जाणे शक्यच नव्हते. रुग्णाचे नाव त्यांनी रिवाजाप्रमाणे दिले नाही. आयर्न्सचा उल्लेख निबंधात आहे, पण सहलेखक म्हणून त्याचे नाव नाही. आजच्या चष्म्यातून हे खटकते. तेव्हाच्या रुग्णालयात वरिष्ठाने लिहावे आणि उमेदवाराने समाधान मानावे हीच पद्धत होती. हे आयर्न्स पुढे स्वतः रश कॉलेजाचे अधिष्ठाता आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे अध्यक्ष झाले.

यानंतर हेरिक या विषयापासून दूर गेले. १९११ मध्ये व्हर्जिनियात दुसरा रुग्ण नोंदला गेला, पुढे तिसरा, चौथा. १९२२ मध्ये व्हर्न मेसन यांनी ‘सिकलसेल ॲनिमिया’ हे नाव रूढ केले. सर्व रुग्ण आफ्रिकी वंशाचे असल्यामुळे हा विशिष्ट वंशाच्या रक्ताचाच दोष आहे असा समज अमेरिकेत पसरला आणि त्याचा वंशद्वेषासाठी वापरही झाला. हेरिक यांचे मन तोवर दुसऱ्याच एका कोड्यात गुंतले होते. ते कोडे हृदयाचे होते.

तेव्हाची पाठ्यपुस्तके सांगत की हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी एकाएकी बंद झाली तर माणूस जागच्या जागी मरतो. प्राण्यांवरील प्रयोगांतूनही तसेच वाटे. त्यामुळे छातीत असह्य कळ येऊन दोन दिवसांनी किंवा दोन महिन्यांनी दगावलेल्या माणसाला पोटाचा विकार होता, अन्नातून विषबाधा झाली होती, असे काहीबाही निदान लिहिले जाई. हेरिक यांच्याकडे पंचावन्न वर्षांचा एक रुग्ण आला होता. जेवणानंतर कळ सुरू झाली आणि ५२ तासांनी तो गेला. नामवंत विकृतिशास्त्रज्ञ लुडविग हेक्टोएन यांनी शवविच्छेदन केले तेव्हा हृदयाच्या डाव्या रोहिणीत रक्ताची गुठळी सापडली. म्हणजे रोहिणी बंद झाल्यानंतर हा माणूस दोन दिवसांहून अधिक काळ जगला होता. मग काही माणसे त्याहून जास्त का जगणार नाहीत? काही पूर्ण बरी का होणार नाहीत? हेरिक यांनी १९१२ मध्ये निबंध लिहून सांगितले की हृदयरोहिणीतील गुठळी नेहमीच तत्काळ प्राणघातक नसते, तिचे निदान जिवंतपणी करता येते आणि अशा रुग्णाला अंथरुणात संपूर्ण विश्रांती दिली पाहिजे. कीव्हच्या दोन डॉक्टरांनी १९१० मध्ये असेच मत मांडले होते, पण इंग्रजी वाचणाऱ्या जगापर्यंत ते फारसे पोचले नव्हते.

निबंध वाचला गेला त्या सभेत कोणी फारसे बोललेच नाही. आपला बार फुसका निघाला याची खंत हेरिक यांनी पुढे आठवणींत नोंदवली आहे. पण या वेळी त्यांनी विषय सोडला नाही. रश येथे विद्युत्-हृदयालेखाचे, म्हणजे आज ज्याला आपण सरसकट ईसीजी म्हणतो त्याचे, यंत्र त्यांनी वापरात आणले. त्यांचे विद्यार्थी फ्रेड स्मिथ यांनी कुत्र्यांच्या हृदयरोहिण्या बांधून आलेखात कोणते फरक पडतात हे १९१८ मध्ये दाखवले. १९१९ मध्ये हेरिक यांनी रुग्णांच्या आलेखांसह पुन्हा लिहिले, आणि आता जग ऐकू लागले. आज छातीत कळ आलेल्या माणसाचा ईसीजी काढतात तेव्हा त्यामागे या चिकाटीचा मोठा वाटा असतो.

दोन निबंध, दोन वर्षांचे अंतर. पहिल्यात बिघडलेली पेशी, दुसऱ्यात बंद पडलेली वाहिनी. एकाच माणसाच्या टेबलावर या दोन गोष्टी इतक्या जवळ येऊन गेल्या आणि एकमेकींना भेटल्या नाहीत, हा मला हेरिक यांच्या चरित्रातील सर्वांत विचार करायला लावणारा भाग वाटतो. दोष त्यांचा नव्हे. सिकलसेल हा त्यांच्या दृष्टीने रक्तक्षय होता, रक्त कमी पडण्याचा आजार. तो रक्तप्रवाह अडण्याचाही आजार आहे आणि रुग्णाला तळमळायला लावते ती ही अडवणूकच, हे हळूहळू उलगडायचे होते.

उलगडा असा झाला. १९२७ मध्ये हान आणि गिलेस्पी या अमेरिकी डॉक्टरांनी दाखवले की या पेशी प्राणवायू कमी झाला की वाकड्या होतात आणि हवा मिळाली की पुन्हा गोल होतात. १९४० मध्ये हॅम आणि कॅसल यांनी त्यातून एक दुष्टचक्र मांडले: पेशी वाकल्या की रक्त घट्ट होते, प्रवाह मंदावतो, मंदावला की प्राणवायू आणखी घटतो आणि आणखी पेशी वाकतात. याच कॅसल यांच्याकडून लायनस पॉलिंग या रसायनशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये या आजाराविषयी ऐकले आणि दोष पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या रेणूत असणार हे त्यांनी ताडले. १९४९ मध्ये पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सिद्ध केले. पुढे व्हर्नन इनग्रॅम यांनी हा दोष किती सूक्ष्म आहे ते दाखवले. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. बस्स, एवढाच बदल. पण त्यामुळे प्राणवायू सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे लांब, ताठ धागे बनतात, आणि हे धागे पेशीला आतून ताणून तिचा विळा करतात. हेरिक यांनी १९१० मध्ये नोंदवलेला तर्क अशा रीतीने खरा ठरला.

आता सारे कळले असे वाटले. पेशी ताठ होते, ताठ पेशी केसाहून बारीक वाहिनीत अडकते, वाहिनी तुंबते. चित्र स्वच्छ होते, पण त्यात एक अडचण होती. प्राणवायू सुटला तरी हिमोग्लोबिनचे धागे बनायला थोडा वेळ लागतो, आणि पेशी केशवाहिनीतून सेकंद-दोन सेकंदांत पार होते. बहुतेक पेशी वाकण्यापूर्वीच बाहेर पडून फुप्फुसाकडे निघालेल्या असतात. असे असेल तर त्या अडकतात कुठे? आणि दोन रुग्णांत हिमोग्लोबिनचा दोष तोच असताना एकाला वर्षातून एकदा कळ येते आणि दुसऱ्याला दर महिन्याला, असे का? पेशीला उशीर करणारे काहीतरी मध्ये असले पाहिजे.

ते काहीतरी म्हणजे वाहिनीची भिंत. १९७९-८० च्या सुमारास अमेरिकेत काही संशोधकांनी रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी काचपात्रात वाढवल्या आणि त्यांवर सिकलसेलच्या रुग्णांचे रक्त सोडले. निरोगी तांबड्या पेशी धुऊन निघाल्या. या रुग्णांच्या पेशी मात्र अस्तराला चिकटून राहिल्या. मिनेसोटाचे रॉबर्ट हेबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये त्याहून महत्त्वाची गोष्ट नोंदवली: ज्याच्या पेशी जास्त चिकटतात त्याचा आजारही जास्त तीव्र असतो. पेशी किती वाकल्या आहेत यापेक्षा त्या भिंतीला किती चिकटतात, हे रुग्णाच्या हालांशी अधिक जुळत होते.

रक्तवाहिनीचे अस्तर म्हणजे नळाची आतली बाजू नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. ते एका थराच्या जिवंत पेशींचे आहे. निरोगी माणसात ते बुळबुळीत राहते, नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करून वाहिनी सैल ठेवते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पेशींना वाट देते. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी सुमारे १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच फुटतात. फुटताना हिमोग्लोबिन रक्तात सांडते आणि ते या नायट्रिक ऑक्साइडला गिळून टाकते. वाहिनी आक्रसते, अस्तर चिडते, आणि चिडलेले अस्तर आपल्या पृष्ठभागावर जणू आकडे बाहेर काढते. शास्त्रज्ञ त्यांना सिलेक्टिन वगैरे नावे देतात. तिकडे मज्जेतून घाईघाईने बाहेर पडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशींवर त्या आकड्यांत बसणाऱ्या कड्या असतात. आश्चर्य हे की प्रथम चिकटतात त्या ताठ, वाकड्या पेशी नव्हेत, तर या लवचीक कोवळ्या पेशी. न्यूयॉर्कचे कौल आणि त्यांचे सहकारी यांनी १९८९ मध्ये दाखवले की हे केशवाहिनीच्या आत नव्हे, तर तिच्या पुढच्या लघुनीलेत घडते. तेथे अंतर किंचित रुंद असते, प्रवाह संथ असतो आणि प्राणवायू संपलेला असतो. कोवळ्या पेशींनी वाट अरुंद केली की मागून येणाऱ्या ताठ पेशी त्यांत अडकतात. जाड गाठ आणि फणीचा दात दोन्ही असल्याखेरीज माग थांबत नाही, तसेच हे.

पुढे २००२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत आणखी एक भागीदार उघड झाला. पांढऱ्या पेशी. जंतूंशी लढणाऱ्या या पेशी लघुनीलेच्या चिडलेल्या अस्तराला आधीच धरून बसतात आणि जाणाऱ्या तांबड्या पेशींना पकडतात. अंगात कोठेही जंतुसंसर्ग झाला की कळ का उठते, याचे उत्तर येथे मिळाले. पाणी कमी पडले, थंडी वाजली, अतिश्रम झाले की तेच घडते. भर उन्हात भट्टीवर विटा वाहणाऱ्या रुग्णाला पाणी पुरेसे मिळत नसेल तर पेशी आटतात, त्यांतले हिमोग्लोबिन दाट होते आणि धागे अधिक वेगाने जुळतात. मग हाडांत उठणारी जी कळ असते ती हृदयविकाराच्या कळेपेक्षा वेगळ्या जातीची नसते: रक्त न मिळालेल्या भागाचा तो आक्रोश असतो. हेरिक यांच्या दुसऱ्या निबंधातील रुग्णाच्या हृदयात जे एकदाच झाले, ते सिकलसेलच्या रुग्णाच्या हाडांत, फुप्फुसांत, प्लीहेत आणि कधी मेंदूत पुन्हा पुन्हा होत राहते. त्याला नाटक म्हणणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवे.

या ज्ञानाचा रुग्णाला उपयोग झाला का? झाला, पण जितका वाटला होता तितका सरळ नाही. हायड्रॉक्सियुरिया हे जुने, स्वस्त औषध १९९५ मधील मोठ्या चाचणीत कळांचे प्रमाण निम्म्याच्या जवळ आणते असे आढळले. गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन ते पुन्हा वाढवते, हे त्याचे मुख्य काम. पण त्याने पांढऱ्या पेशीही कमी होतात आणि पेशींचा चिकटपणाही घटतो. भिंतीवरचा आकडाच झाकणारे क्रिझान्लिझुमॅब हे महागडे औषध अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाले. मोठ्या चाचणीत अपेक्षित लाभ न दिसल्याने युरोपात २०२३ मध्ये त्याची मंजुरी काढून घेतली गेली. चिकटण्याचे मार्ग अनेक आहेत आणि एक बंद केला म्हणून बाकीचे बंद होत नाहीत, असाच त्याचा अर्थ दिसतो. जनुकीय उपचारही २०२३ मध्ये आले, पण त्यांची किंमत ऐकून आपल्याकडील रुग्णाने नुसते मान डोलवावी अशीच आहे.

आपल्याकडे हा आजार आहे हे कळायलाही १९५२ उजाडले. त्या वर्षी लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीच्या आदिवासींत तो दाखवला. महाराष्ट्रापुरते सांगायचे तर १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले आणि विदर्भातील दुखण्यांना प्रथमच नाव मिळाले. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहक स्वतः बहुधा ठणठणीत असतो, म्हणून लग्नाआधी तपासणी हवी. सरकारी आरोग्यसेवेत सोल्युबिलिटीची सोपी चाचणी आणि नंतर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस अशी व्यवस्था आहे. जुलै २०२३ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली असून चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. प्रश्न उरतो तो स्थलांतरितांचा. तपासणी पाड्यावर होते तेव्हा कुटुंब भट्टीवर असते, आणि भट्टीवरच्या आजारी मुलाचे कार्ड पाड्यावरच्या घरात राहिलेले असते. कामतघरसारख्या शहरी वस्तीतील डॉक्टरांसमोर असा रुग्ण येतो तेव्हा त्याचा ताप आणि अंगदुखी मलेरियाच्या किंवा संधिवाताच्या खाती जाण्याचा धोका असतो. पोटात दुखणाऱ्या पिवळट मुलाला त्याचे गाव कोणते आणि घरात आणखी कोणाला असे होते का, हे विचारायला दोन मिनिटे पुरतात.

हेरिक यांना दीर्घायुष्य लाभले. मानसन्मानही मिळाले, अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यांच्या नावे पुरस्कार ठेवला आहे. १९४२ मध्ये त्यांनी हृदयरोगशास्त्राचा छोटा इतिहास लिहिला. आपल्या ऐंशी वर्षांच्या आठवणींचे पुस्तक त्यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केले, म्हणजे ज्या वर्षी पॉलिंग यांचा निबंध आला त्याच वर्षी. ७ मार्च १९५४ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, ते निवर्तले. त्याच्या महिनाभर आधी अँथनी ॲलिसन यांनी सिकलसेलचे वाहक हिवतापापासून बऱ्याच अंशी सुरक्षित राहतात हे दाखवणारा निबंध प्रसिद्ध केला होता. निलगिरीपासून गडचिरोलीपर्यंत आणि ग्रीसपासून घानापर्यंत, हिवतापाच्या जुन्या प्रदेशांत हा दोष का टिकून राहिला, याचा उलगडा त्यातून झाला. तो एका वंशाचा कलंक नव्हता.

आणि वॉल्टर नोएल? ग्रेनाडाची राजधानी सेंट जॉर्जेस येथे त्याने दंतवैद्य म्हणून व्यवसाय केला. १९१६ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, न्यूमोनियाने तो दगावला. बेटाच्या उत्तरेकडील सोटर्स या गावाच्या दफनभूमीत त्याला पुरले. आपल्या रक्ताविषयी शिकागोत निबंध छापला गेला आहे हे त्याला कधी कळले की नाही, याची नोंद नाही. दोन अमेरिकी अभ्यासकांनी जुनी रुग्णालयीन कागदपत्रे चाळून त्याची कहाणी वैद्यकीय नियतकालिकात सांगितली ती १९८९ मध्ये, हेरिक यांच्या निबंधानंतर ७९ वर्षांनी.